दोन विशेषणे

भाषेत काही शब्द जुळ्या भावंडांसारखे असतात. परक्याला ते एकसारखेच दिसतात. घरच्या माणसाला मात्र त्यांतला फरक बरोबर ओळखू येतो. शब्दकोश उघडला, तर एका शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी दुसरा दिलेला आढळतो. रोजच्या बोलण्यात एकाच्या जागी दुसरा वापरला, तरी कोणाचे काही अडत नाही. परंतु कधी कधी असा प्रसंग येतो की, त्या दोन शब्दांमधील एवढ्याशा अंतरावर हजारो माणसांचा हक्क अवलंबून राहतो. मग तो फरक जाणणे ही केवळ भाषेच्या अभ्यासाची गोष्ट राहत नाही, ती न्यायाची गोष्ट होते.

इंग्रजी भाषेतील ‘लाँगस्टँडिंग’ आणि ‘इमेमोरियल’ ही दोन विशेषणे अशीच आहेत. दोन्ही विशेषणे जुन्या गोष्टींना लावली जातात. एखादी चाल फार दिवसांची आहे असे सांगावयाचे असले, म्हणजे इंग्रज लेखक यांपैकी कोणतेही एक विशेषण सहज वापरून जातो. पहिल्याचा अर्थ दीर्घकाळ चालत आलेले असा होतो. दुसऱ्या शब्दात ‘मेमरी’ म्हणजे स्मृती हा शब्द दडलेला आहे आणि त्याच्या आरंभी नकार आहे. जेथवर माणसाची स्मृती पोहोचतच नाही, ते इमेमोरियल. मराठीत त्याला स्मरणातीत म्हणता येईल.

नीट विचार केला, तर या दोन शब्दांतील भेद ध्यानात येतो. पहिले विशेषण काळाची लांबी सांगते. दुसरे विशेषण आरंभाविषयी बोलते. पहिले म्हणते, “ही गोष्ट पुष्कळ वर्षे चालू आहे.” दुसरे म्हणते, “ही गोष्ट कधी सुरू झाली, हे कोणालाही सांगता येणार नाही. ती नव्हती असा काळच कोणाला ठाऊक नाही.” पहिले विधान साधे आहे. दुसरे विधान फार मोठे आहे, आणि जे विधान मोठे, त्याला पुरावाही मोठा लागतो.

हा भेद समजण्यासाठी फार दूर जावयास नको. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात काळ नदीच्या काठी बिरवाडी नावाचे गाव आहे. त्या गावातील एखाद्या मुलाला आपल्या परिसरातील जुन्या गोष्टींची नावे सांगावयास लावली, तर तो कोणती नावे सांगेल? कदाचित तो प्रथम जवळच्या औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखवील. त्याच्या जन्माच्या पूर्वीपासून तेथे कारखाने उभे आहेत. त्याच्या दृष्टीने ते जुनेच. परंतु घरातील आजोबा लगेच सांगतील की, तेथे पूर्वी काहीच नव्हते. म्हणजे त्या वसाहतीचा आरंभ पाहिलेली माणसे आजही गावात आहेत. मुलाला जी गोष्ट नेहमीची वाटते, ती आजोबांना कालची वाटते.

मग तो मुलगा रायगडाचे नाव घेईल. आता मात्र आजोबांच्या स्मृतीचा उपयोग नाही. गडावर राज्याभिषेक झाला तो पाहिलेला माणूस आज कोठून असणार? तरीही रायगड स्मरणातीत नव्हे. राज्याभिषेक १६७४ साली झाला हे इतिहासाला ठाऊक आहे. माणसांची स्मृती संपली तरी कागद बोलतात. महाडजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी तर त्याहूनही कितीतरी प्राचीन आहेत. तरी तेथेही दगडावर लेख कोरलेले आहेत, आणि ती कोणी कोरविली याविषयी काही ना काही बोलता येते.

शेवटी तो मुलगा म्हणेल, “आणि आमची काळ नदी?” तेव्हा आजोबा, इतिहासकार आणि शिलालेख हे तिघेही गप्प बसतील. नदी या खोऱ्यातून वाहू लागली तो दिवस कोणी पाहिला नाही, कोणी लिहून ठेवला नाही. माणसांच्या स्मृतीपुरते बोलावयाचे, तर स्मरणातीत हे विशेषण शोभेल ते नदीला. कारखाने, गड आणि नदी या तिन्हींना बोलताना “जुनी” म्हटले तरी चालते. परंतु त्या तिघांच्या जुनेपणाची जात एक नव्हे.

माणसाचा स्वभाव मात्र असा आहे की, जे आपल्या जन्मापूर्वीचे, ते त्याला नेहमीचेच वाटते. “हे असेच चालत आले आहे,” “वाडवडिलांपासूनची रीत आहे,” “पूर्वापार चाल आहे,” अशी वाक्ये मराठीत पदोपदी ऐकू येतात. ही वाक्ये बोलणारा बहुधा खोटे बोलत नसतो. त्याच्या वडिलांनी ती रीत पाळलेली असते, कदाचित आजोबांनीही पाळलेली असते. परंतु आजोबांच्या पलीकडे काय होते हे त्याला ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नाही, ते तसेच असणार असे तो धरून चालतो. दीर्घकालीन गोष्टीला तो नकळत स्मरणातीत करून टाकतो. दोन-तीन पिढ्यांची लांबी मोजावयाची, आणि किंमत मात्र अनादि काळाची मागावयाची, असा हा व्यवहार आहे.

कायद्याचे जाणकार या बाबतीत फार सावध असतात. इंग्लंडमध्ये एखाद्या गावच्या लोकांनी “ही आमची वहिवाट आहे” असे म्हटले, तर न्यायाधीश विचारीत की, ही वहिवाट स्मरणातीत काळापासूनची आहे काय? स्मरणातीत काळ कोठे सुरू होतो याचीही तेथे मोजदाद झालेली आहे. १२७५ साली झालेल्या एका कायद्याच्या आधारे पहिल्या रिचर्ड राजाच्या राज्यारोहणाचे वर्ष, म्हणजे ११८९ हे साल, सीमा म्हणून ठरले. त्या सालाच्या अलीकडे एखादी चाल सुरू झाली असे सिद्ध झाले, तर ती कितीही जुनी असो, कायद्याच्या दृष्टीने ती स्मरणातीत नव्हे. शब्द काव्यमय वाटतो. पण कायद्याने त्याला खुंटी ठोकून ठेवली आहे.

अर्थात सातआठशे वर्षांपूर्वीचा पुरावा कोण कोठून आणणार? म्हणून न्यायालयांनी एक सवलत ठेवली. गावातील वृद्ध माणसांनी शपथेवर सांगितले की, आम्हांला आठवते तेव्हापासून हे असेच आहे, आणि उलट पुरावा नसला, तर त्यापूर्वीही ते तसेच असावे असे अनुमान न्यायालय करू शकते. परंतु अनुमान म्हणजे सक्ती नव्हे. परिस्थिती पाहून ते करावयाचे की नाही, हे न्यायाधीशांनी ठरवावयाचे असते. हिंदुस्थानातील न्यायालयांनीही वहिवाटीचे दावे तपासताना प्राचीनतेची ही कसोटी पुढे ठेवली. आणि एकदा ती कसोटी बिरवाडीपासून जवळच असलेल्या महाड शहरातील एका तळ्याला लागली.

त्या तळ्याचे नाव चवदार तळे. चारपाच एकरांचे ते तळे, त्याच्या चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांच्या कडेने लोकांची घरे. शहरातील सवर्ण हिंदू त्याचे पाणी भरीत. इतर धर्मांचे लोकही भरीत. गुरेढोरे तेथे पाणी पीत. परंतु ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते, त्या माणसांनी मात्र त्या पाण्याला हात लावावयाचा नाही, अशी रीत होती. कोकणातला उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला या वाक्याचा अर्थ उलगडून सांगावयास नको. डोळ्यांसमोर पाणी असावे आणि बाजारहाटासाठी किंवा कचेरीच्या कामासाठी शहरात आलेल्या माणसाने तहानलेलेच परत जावे, असा तो अर्थ होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावसाहेब सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्याचप्रमाणे शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. परंतु कागदावर खुले झालेले तळे काठावर बंदच राहिले. तेथे जाऊन पाणी घेण्याचे धाडस कोणी करू शकत नव्हते.

१९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आजच्या रायगड जिल्ह्याचे कुलाबा हे तेव्हाचे नाव. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, यावरून शहरातील परिस्थिती ध्यानात येते. २० मार्च रोजी हजारो लोक शिस्तीने रांगा करून तळ्याकडे निघाले. डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले आणि ते प्याले. त्यांच्यामागून इतरांनी पाणी घेतले. एका तळ्याचे पाणी पिणे ही एरवी किती साधी गोष्ट! परंतु त्यानंतर काही वेळातच शहरात खोटी वार्ता पसरली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. आणि परतणाऱ्या निःशस्त्र माणसांवर हल्ले झाले. पुढे काही लोकांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला १९२४ सालचा ठराव मागे घेतला.

डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर महिन्यात पुन्हा महाडला सत्याग्रह करण्याचे ठरविले. तेव्हा विरोधकांनी महाडच्या न्यायालयात दावा दाखल केला. डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या दाव्यात प्रतिवादी झाले. तळ्यावर जाण्यास त्यांना तात्पुरती मनाई करणारा हुकूमही निघाला. जमलेल्या लोकांची मने तापलेली होती. मनाई मोडावी असे अनेकांना वाटत होते. परंतु डॉ. आंबेडकरांनी न्यायालयाच्या हुकमाचा मान राखला. पाण्याला हात न लावता लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि ते परतले. आता तहानेचा निवाडा पुराव्याने आणि शब्दांनी व्हावयाचा होता.

दावा लावणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : एक तर हे तळे सार्वजनिक नव्हे, आणि दुसरे असे की, अस्पृश्यांना वगळून पाणी वापरण्याची आमची वहिवाट स्मरणातीत काळापासूनची आहे. यांतील पहिला मुद्दा टिकला नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यातील ठरले. सारा भार दुसऱ्या मुद्द्यावर आला, आणि त्या मुद्द्याचा भार एका विशेषणावर आला.

महाडच्या न्यायालयाने १९३१ साली निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची रीत दीर्घकाळ चालत आलेली आहे, एवढे त्या न्यायालयाने मान्य केले. म्हणजे ‘लाँगस्टँडिंग’ हे पहिले विशेषण वादी पक्षाच्या पदरात पडले. परंतु न्यायालयाने पुढे असे म्हटले की, कोणी एकाने पाणी वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला हक्क प्राप्त होत नाही आणि दुसऱ्यावर बंधन येत नाही. दावा फेटाळला गेला.

हे वाक्य विद्यार्थ्यांनी दोनदा वाचण्यासारखे आहे. एखादा मनुष्य वर्षानुवर्षे एखाद्या वाटेने गेला नाही, म्हणून ती वाट त्याला बंद आहे असे सिद्ध होत नाही. तो भीतीने गेला नसेल, त्याला कोणी जाऊ दिले नसेल, किंवा त्याला त्या वाटेची गरजच पडली नसेल. न जाणे ही घटना आहे. जाण्याचा हक्क नसणे ही वेगळी गोष्ट आहे.

वादी पक्षाने ठाण्याच्या वरिष्ठ न्यायालयात अपील केले. तेथे दुसऱ्या विशेषणाची परीक्षा झाली आणि वहिवाट स्मरणातीत असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय मिळाला. तेव्हा प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. स्मरणातीत वहिवाट शाबीत झालेली नाही, हाच त्यांच्याही निर्णयाचा आधार होता. ओंजळभर पाणी प्याल्याच्या दिवसापासून दहा वर्षे पुरी व्हावयास तेव्हा तीन दिवस कमी होते.

उच्च न्यायालयाने केलेला विचार मुलांनाही सहज कळेल असा आहे. देवळाची गोष्ट निराळी असू शकते, असे न्यायमूर्तींनी म्हटले. देऊळ कोणीतरी कोणासाठी तरी बांधलेले असते, आणि जुन्या प्रघातावरून ते कोणासाठी बांधले असावे याचे अनुमान करता येते. परंतु हे तळे म्हणजे निसर्गतः पाणी साठण्याची जागा. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी तेथील पाणी केवळ आपल्यासाठी राखून ठेवण्याचा प्रयत्न कोणी केला असेल काय, याविषयी न्यायालयाला शंका वाटली. काठावर पहारा करणारेच जेव्हा नव्हते, तेव्हा मनाई कोणी केली असेल? घरे ज्या काळी आली, त्याच्या आधीही मनाई होती असे धरून चालता येत नाही. म्हणजे नदीचा जुनेपणा आणि घरांचा जुनेपणा यांची जात एक नव्हे, हेच न्यायालयाने आपल्या रीतीने सांगितले.

कोणी म्हणेल, “हा तर शब्दांचा कीस काढणे झाले! एवढा मोठा लढा, आणि त्याचा निकाल एका विशेषणावर?” हा आक्षेप वरवर पाहता खरा वाटतो. परंतु शब्दांचा कीस काढणे आणि शब्दांचे माप घेणे यांत अंतर आहे. सोनार गुंजभर सोने तोलतो तेव्हा त्याला कोणी चिकित्सक म्हणून हसत नाही. कारण तेथे गुंजेचीही किंमत असते. ज्या ठिकाणी माणसाचे पाणी, वाट, जमीन किंवा मान पणाला लागलेला असतो, त्या ठिकाणी प्रत्येक शब्द काट्यावर घातलाच पाहिजे. सैल शब्दाचा लाभ नेहमी बलवानाला मिळतो. “पूर्वापार” असे त्याने मोठ्याने म्हटले की, बाकीचे मान डोलवितात. “पूर्वापार म्हणजे केव्हापासून?” असे विचारणारा निघाला की, बलवानाला पुरावा शोधावा लागतो. महाडच्या दाव्यात नेमके हेच घडले.

यातून आणखीही एक गोष्ट शिकावयास मिळते. सिद्ध करण्याचे ओझे कोणावर होते? ज्यांना पाणी हवे होते त्यांच्यावर नव्हे, तर जे पाणी नाकारीत होते त्यांच्यावर. दुसऱ्याला वगळणाऱ्याने आपले कारण दाखवावे, हे न्यायाला धरून आहे. घरात, वर्गात किंवा खेळाच्या मैदानावर देखील “याला आपण कधीच घेत नाही” असे कोणी म्हणाले, तर कारण विचारावयाचे ते म्हणणाऱ्याला. वगळलेल्या मुलाने आपला हक्क सिद्ध करीत बसावे, अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समजा, वादी पक्षाला भक्कम पुरावा सापडला असता, समजा, ती वहिवाट खरोखरीच स्मरणातीत ठरली असती, तर मग? तर तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणे योग्य ठरले असते काय? मन लगेच “नाही” म्हणते. अन्याय शंभर वर्षांचा असला काय आणि हजार वर्षांचा असला काय, तो अन्यायच. किंबहुना तो जितका जुना, तितक्या अधिक माणसांनी तो सोसला असा अर्थ होतो. तेव्हा या दोन विशेषणांतील भेदाने तळे मोकळे झाले हे खरे. पण मूळ प्रश्नाचे उत्तर दोहोंतही नव्हते. त्यासाठी तिसरे विशेषण हवे होते. ते विशेषण म्हणजे न्याय्य.

ते विशेषण पुढे भारताच्या संविधानाने कायद्यात आणले. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही अशा ठिकाणांची नावे आहेत, आणि त्यांत विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या मसुदा समितीने संविधानाचा मसुदा सिद्ध केला, तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. महाडच्या काठाची आठवण असलेल्या वाचकाला ‘तळी’ हा शब्द वाचून क्षणभर थांबावेसे वाटते.

त्याहूनही महत्त्वाचा आहे तो तेरावा अनुच्छेद. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे त्या विसंगतीपुरते रद्द समजावेत, असे तो सांगतो. आणि कायदा या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी आणि वहिवाट यांचाही समावेश करतो. आता न्यायाधीश केवळ वहिवाटीचे वय विचारून थांबत नाहीत. “ही रीत किती जुनी?” या प्रश्नापुढे “ही रीत माणसाचा हक्क हिरावून घेते काय?” हा प्रश्न येतो. उत्तर “होय” असे आले, तर मग ती रीत दीर्घकालीन असो की स्मरणातीत, तिचे वय तिला वाचवू शकत नाही.

यावरून जुने ते सर्व टाकाऊ, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वाटसरूला पाणी देण्याची रीत जुनी आहे आणि ती चांगली आहे. पावसाळ्यात शेजाऱ्याची लावणी खोळंबली तर हातभार लावण्याची रीत जुनी आहे आणि ती राखण्याजोगी आहे. “जुने ते सोने” ही म्हण उगीच पडलेली नाही. पण सोनेसुद्धा कसोटीवर घासल्यावाचून कोणी घेत नाही. महाडजवळ सावित्री नदीवर इंग्रजांच्या काळातला दगडी पूल होता. पिढ्यान्‌पिढ्या माणसे त्यावरून गेली, आणि तो आहे तसाच राहणार असे सर्वांनी धरून चालले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री नदीला पूर आला असता तो पूल कोसळला आणि अनेकांचे प्राण गेले. पूल जुना आहे म्हणून भक्कम आहे, हे अनुमान किती घातक ठरू शकते, हे त्या रात्रीने दाखविले. रीतींचेही तसेच आहे. त्या वेळोवेळी तपासून पाहिल्या पाहिजेत. ज्या भार सोसतात त्या ठेवाव्यात, ज्यांखाली माणसे चिरडतात त्या दूर कराव्यात.

भाषा शिकणाऱ्या मुलांनी या दोन विशेषणांतून एवढा बोध घ्यावा की, समानार्थी म्हणून दिलेले शब्द सर्वथा समान कधीच नसतात. ‘जुना’, ‘प्राचीन’, ‘पुरातन’, ‘परंपरागत’, ‘पूर्वापार’, ‘अनादि’ हे शब्द एका ओळीत पाठ करणे सोपे आहे. परंतु त्यांतील प्रत्येक शब्द वेगळा दावा करतो आणि वेगळा पुरावा मागतो. जो मुलगा किंवा जी मुलगी हा वेगळेपणा ओळखू लागते, तिला भाषा खऱ्या अर्थाने येऊ लागते. ती निबंध चांगला लिहील हे तर झालेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, कोणी भारदस्त शब्द वापरून तिला किंवा इतरांना फसवू शकणार नाही.

म्हणून कोणी “हे असेच चालत आले आहे” असे म्हणाले, तर त्याचा अनादर न करता दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न, “केव्हापासून?” आणि दुसरा प्रश्न, “हे न्याय्य आहे काय?” पहिल्या प्रश्नाने बोलणाऱ्याला आपला शब्द तपासून पाहावा लागतो. दुसऱ्या प्रश्नाने त्याला आपले वागणे तपासून पाहावे लागते. महाडच्या तळ्याला पहिल्या प्रश्नाने मोकळे केले. देशातील सर्व तळी आणि विहिरी मोकळ्या असाव्यात असे दुसऱ्या प्रश्नाने ठरविले. कायद्यात लिहिलेले ते प्रत्येक गावच्या पाणवठ्यावर रोज खरे होत राहावे, ही जबाबदारी मात्र कोणत्याही न्यायालयाला एकट्याने पार पाडता येणार नाही. ती तेथे पाणी भरणाऱ्या प्रत्येकाची आहे.